मुलाला दोन वर्षं, मुलीला चौदा दिवस



जून महिना आला की आपल्या घरांत दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक पेढ्यांचे आणि दुसरे दबक्या आवाजातले. पहिल्या फोनवर मुलाचं नाव, रँक, कॉलेज सगळं एका दमात सांगितलं जातं. दुसऱ्या फोनवर आधी पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलणं होतं, मग हळूच प्रश्न येतो, "ताई, तुमच्या धाकटीलाही आयआयटी मिळाली नव्हती ना? मग तुम्ही काय केलंत?"

या आठवड्यात असे तीन फोन आले. तिघींनाही मी थोडक्यात उत्तर दिलं आणि तिघींनाही पूर्ण खरं सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. रस्ते कुठले कुठले आहेत ते सांगणारच आहे, पण आधी आमच्या घरात काय झालं ते सांगते. कारण रस्ते माहीत नसणं ही आमची अडचण नव्हतीच.

आमच्या थोरल्यालाही आयआयटी मिळाली नव्हती. बारावीच्या वर्षी जेईई मेनमधून तो ॲडव्हान्स्डला पोचला आणि तिथे अडला. त्या संध्याकाळी घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. पण रात्री हे दुकानातून आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एक वर्ष घे. पुन्हा बस." मी लगेच पुण्याच्या क्लासची चौकशी केली. होस्टेल शोधलं. कांदा-लसूण, कंदमुळं नसलेला आणि दिवस मावळायच्या आत मिळणारा डबा कुठे मिळतो हे शोधायला मी आणि माझी बहीण दोन दिवस पेठांमधून फिरलो. पुढच्या वर्षीही ॲडव्हान्स्ड साधली नाही. ती परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, त्यामुळे तो रस्ता संपला. मग आम्ही त्याला आणखी एक वर्ष दिलं, मेन आणि सीईटीसाठी. शेवटी राज्याच्या प्रवेशफेरीतून त्याला पुण्यात बरं कॉलेज मिळालं. आज तो नोकरीला आहे, सुखात आहे. त्या दोन वर्षांबद्दल आमच्या घरात कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

धाकटी 2024 ची. ती गणितात थोरल्यापेक्षा पुढे, हे तो स्वतःच सांगतो. तीही मेनमधून ॲडव्हान्स्डला पोचली आणि तीही तिथे अडली. 9 जूनला निकाल लागला. चौदा दिवसांत तिचं सगळं ठरवून झालं होतं. गावातल्या कॉलेजात बी.एस्सी., घरून जाऊन-येऊन. सीईटीच्या गुणांवर तिला पुण्यात इंजिनिअरिंगला जागा मिळू शकली असती, पण "एकटी मुलगी पुण्याला कशाला", असं म्हणून आम्ही त्या फेरीचा अर्जच पुरा केला नाही. दुसऱ्यांदा बसण्याचा विषय निघालाच नाही. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी रागावलं नाही. विषयच निघाला नाही, एवढंच. त्याच पंधरवड्यात वन्संनी एक स्थळ मात्र सुचवून ठेवलं, "आत्ता नाही गं, पण डोक्यात असू दे" म्हणून.

आणि बस्तीत बायकांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? "तिलाच बाहेर जायचं नव्हतं हो. तिला घर सोडवत नाही."

हे खोटं होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. उत्तम आर्जव धर्माच्या दिवशी शास्त्रवाचन झालं, मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असू नये, हे दरवर्षीचंच ऐकलं. दरवर्षी मी ते ऐकताना दुसऱ्यांचा विचार करते, हेही आज कबूल करते. त्या दिवशी घरी आले, तर धाकटी दुकानाची जुनी वही घेऊन बसली होती. आमच्याकडे जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर मुलं गणितं सोडवतात. तिने जमा-खर्चाचं पान आखलं होतं. डाव्या बाजूला "दादा" आणि खाली क्लासची फी, होस्टेल, डबा, जाणं-येणं, पुस्तकं, असं सगळं ओळीने. शेवटी "दिवस : 730". उजव्या बाजूला "मी". त्याखाली ॲडव्हान्स्डच्या अर्जाची फी आणि "दिवस : 14".

ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "आई, ताळेबंद जुळत नाहीये. तू बघ."

व्यापाऱ्याच्या घरात जन्म गेला माझा. ताळेबंद मला वाचता येतो.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. एका परीक्षेत नाव आलं नाही म्हणून मोठ्या सरकारी संस्थांचे सगळे रस्ते बंद होत नाहीत. पण उरलेला प्रत्येक रस्ता लांबून जातो आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ आपण मुलाला न मागता देतो आणि मुलीने मागायच्या आतच नाकारतो. तिचं दार संस्था बंद करत नाही, आपण करतो, तेही इतक्या प्रेमाने की तिला तक्रारसुद्धा करता येऊ नये.

थोडे आकडे बघा. 2024 साली ॲडव्हान्स्डला सुमारे 1 लाख 80 हजार मुलं-मुली बसल्या. देशभरातल्या 23 आयआयटींत मिळून जागा होत्या 17,740. म्हणजे बसलेल्या दहांतल्या नऊ जणांना जागा मिळणारच नव्हती. नाकारलं जाणं हा इथला नियमच आहे, त्यात मुलीची बुद्धी कमी ठरत नाही. त्या वर्षी पात्र ठरले 48,248, आणि त्यांत मुली होत्या 7,964. सहांत एक. आयआयटीत मुली फारच कमी येतात म्हणून 2018 पासून मुलींसाठी जादा जागा काढायला सुरुवात झाली आणि 2020 पर्यंत मुलींचं प्रमाण 20 टक्क्यांवर नेलं गेलं. सरकारने दार रुंद केलं. पण दारापर्यंत आणून सोडायचं काम घराचं आहे.

आता रस्ते सांगते. हे मी गेल्या दोन वर्षांत वहीत टिपून ठेवलंय, कारण त्या चौदा दिवसांत मला यातलं फार थोडं माहीत होतं आणि उरलेलं मी माहीत करून घेतलं नव्हतं.

पहिला रस्ता दुसऱ्यांदा बसण्याचा. बारावीच्या वर्षी एकदा बसलं की पुढच्या वर्षी आणखी एकदा ॲडव्हान्स्ड देता येते. हे वर्ष प्रत्येकाने घ्यावंच असं माझं मत नाही. थोरल्याचं दुसरं वर्ष कसं गेलं ते मी पाहिलंय. रात्री दोनला त्याचा फोन यायचा आणि तो काहीच बोलायचा नाही. मूल आतून खचलं असेल, तर वर्ष देण्यापेक्षा त्याला जवळ घेणं बरं. पण हा निर्णय मुलाला विचारून होतो, तसाच मुलीला विचारून व्हावा.

दुसरा रस्ता त्याच वर्षीचा. मेनच्या गुणांवर एनआयटी आणि ट्रिपल आयटी असतात. त्यांच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळ्या फेऱ्या होतात, तोवर पुष्कळ जण आशा सोडून बसलेले असतात. आपल्या राज्याच्या फेरीत पुण्याचं सीओईपी आहे, मुंबईचं व्हीजेटीआय आहे, सांगलीचं वालचंद आहे. सीओईपी 1854 पासूनचं, 2022 मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सांगलीच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद सोलापूरच्या आपल्याच समाजातले. विज्ञानाची खरी ओढ असेल, तर पुण्यात आयसर आहे आणि त्याची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे. या सगळ्या फेऱ्यांचे अर्ज जून-जुलैत धावत असतात. आम्ही नेमके तेच दिवस "तब्येतीला जप, विसरून जा" असं म्हणत घालवले. आणि फीची काळजी असेल, तर 2024-25 पासून आपल्या राज्याने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी पूर्ण माफ केली आहे. दाखला वेळेत काढून ठेवा, ऐनवेळी तहसील कार्यालयात रांग असते.

तिसरा रस्ता ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांच्यासाठी. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केला, तर डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मघाशी सांगितलेल्या मोठ्या कॉलेजांतही मिळतो, सीईटी न देता. डिप्लोमा म्हणजे बारावी न झेपणाऱ्यांचं काम, असा आपल्याकडे समज आहे. माझाही होता. पण तीन वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे केलेली मुलगी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा शेजारच्या मुलांना स्पॅनर कसा धरायचा ते तीच दाखवते.

चौथा रस्ता मागे वळून आयआयटीतच जातो. साधी बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी जॅम नावाची परीक्षा आहे. गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात विषय. फेब्रुवारीत परीक्षा होते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते आणि तिच्यावर आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. वयाची अट नाही. इंजिनिअरिंग कुठल्याही कॉलेजातून केलेलं असो, गेट परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक. करता येतं. तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते, गुण तीन वर्षं चालतात, आणि एम.टेक.ला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे बारावीला जी संस्था नाही म्हणाली, तीच संस्था तीन-चार वर्षांनी तिला पुन्हा विचारते. तोपर्यंत आपण तिला घरात शिकतं ठेवलंय की नाही, एवढाच प्रश्न.

पाचवा रस्ता सगळ्यांत नवा. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये डेटा सायन्सची पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. अर्ज भरला की चार आठवडे अभ्यास देतात, दर आठवड्याला प्रश्न सोडवायचे आणि मग परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा. पास झालं की प्रवेश. शिकवणं ऑनलाइन, परीक्षा समोर बसून. टप्पे आहेत, मधेच थांबावं लागलं तरी तोवर केलेल्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात पडतो. उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत आहे. आणि 2022 पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिल्यामुळे गावातली बी.एस्सी. करत असतानाही हे करता येतं.

पण यातही आर्जव हवं. हे बी.टेक. नव्हे. वसतिगृह नाही, ते आवार नाही, बरोबर उठणाऱ्या-बसणाऱ्या मैत्रिणी नाहीत. "आमची आयआयटीत आहे" असं लग्नाच्या मांडवात मिरवायला हे घेऊ नका. मी एकदा मिरवलं होतं, धाकटीने तिथेच सगळ्यांसमोर दुरुस्त केलं.

एक रस्ता मात्र सांगणार नाही, कारण तो रस्ताच नाही. निकालानंतर चार दिवसांत ह्यांना दुकानावर फोन आला होता. "शेठ, जागा करून देतो, आयआयटीतच, तेवढी रक्कम तयार ठेवा." आयआयटीत मॅनेजमेंट कोटा नसतो. असा प्रत्येक फोन फसवणुकीचा आहे. आणि समजा एखाद्या खासगी कॉलेजात पावतीशिवाय पैसे देऊन जागा मिळतही असेल, तरी आपण अचौर्याचं अणुव्रत घेतलेली माणसं. गुणांनी ज्याची जागा होती त्याची ती आपण उचलून घेतो, मग तिला दुसरं काय म्हणायचं?

आता तुमच्या मनात जे येतंय ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याही मनात होतं.

"मुलाला घर चालवायचं असतं हो." खरं आहे, पण अर्धंच. आपल्या आसपासच्या किती घरांत सुनेच्या पगारावर घराचे हप्ते जातात, ते आपल्याला माहीत आहे. आणि पगाराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम मुलगा-मुलगी बघून होतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

"मुलगी एकटी परगावी, काळजी वाटते." वाटतेच. मला आजही वाटते. पण थोरल्यासाठी होस्टेल बघताना मी जितके जिने चढले, तितके धाकटीसाठी एकदाही चढले नाही. काळजी खरी असती, तर चौकशी जास्त केली असती. मी चौकशीच केली नाही. काळजीचं नाव पुढे करून माझा आळस आणि लोकलज्जा मी झाकत होते.

"लग्नाचं वय निघून जातं." दोन वर्षांत? मुलाची दोन वर्षं जातात तेव्हा आपण त्याला उमेद म्हणतो.

आणि सगळ्यांत कठीण प्रश्न आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका ताईंनी विचारला. "इतकी धडपड आयआयटीसाठी कशाला? हाही मोहच ना? अपरिग्रहाचं काय?" ताईंचा प्रश्न योग्य आहे. नावाचा मोह असतोच, आणि आई-वडलांना तो मुलांपेक्षा जास्त असतो. पण मी त्यांना म्हटलं, मोह सोडायचाच तर दोघांसाठी सोडू. थोरल्याच्या वेळी आपण प्रयत्नांवर प्रवचन दिलं आणि धाकटीच्या वेळी वैराग्यावर. मुलीच्या वाट्यालाच नेमकं येतं, ते वैराग्य नव्हे. ते खर्च वाचवणं आहे.

आपल्या लहानपणच्या पाठशाळेतली गोष्ट आठवा. आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. अक्षर आणि आकडा, दोन्ही विद्या मुलींच्या हातात दिल्या. ही गोष्ट आपण दरवर्षी पाठशाळेत मुलांकडून नाटकात करवून घेतो. सुंदरीचं काम आमच्या धाकटीने दोनदा केलंय. आणि अंकांच्याच विद्येसाठी तिला वर्ष द्यायची वेळ आली तेव्हा आम्हाला ती गोष्ट आठवली नाही.

त्या आर्जवाच्या रात्री मी वहीचं ते पान सासूबाईंना दाखवलं. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, मुलींना कशाला एवढं. त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. मग त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या पंधराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांना सोलापूरच्या श्राविकाश्रमात पाठवलं, तिथे शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुढे अख्ख्या घराला आधार दिला. आपल्या समाजात अशा किती जणी होऊन गेल्या. शेठ माणिकचंद हिराचंदांनी विधवा झालेल्या लेकीला शिकवलं, आणि त्या मगनबाईंनी मुंबईत दुसऱ्या बायकांसाठी श्राविकाश्रम उभं केलं. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी त्याच कामात आयुष्य घातलं. सासूबाई एवढं सांगून थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आत्याला नवरा गेल्यावर शिकायला वेळ मिळाला. सगळं धड असलेल्या मुलीला वेळ मिळायला आता काय व्हावं लागतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

क्षमावणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची, ज्यांच्याशी वर्षभर बोललोही नाही त्यांची. त्या वर्षी मी पहिली क्षमा धाकटीची मागितली. नेहमीचं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. "तुला न विचारता ठरवलं आणि बस्तीत तुझ्या नावावर खोटं बोलले," असं म्हटलं. ती म्हणाली, "क्षमा आहेच गं आई. आता फॉर्मची फी भर."

तो फॉर्म मद्रासच्या पदवीचा होता. तोपर्यंत राज्याच्या फेऱ्या संपल्या होत्या. पुढच्या वर्षी ॲडव्हान्स्डला ती पुन्हा बसू शकली असती, पण तयारीचे महिने निघून गेले होते आणि ती म्हणाली, "अर्धवट तयारीने नाही बसणार." म्हणजे आमच्या चौदा दिवसांची किंमत तिने मोजलीच. ती भरून आली, असं मी म्हणणार नाही.

आज ती बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपवून तिसऱ्यात चालली आहे. बरोबर मद्रासचा अभ्यास सुरू आहे. तो सोपा नाही. एका विषयात ती पहिल्यांदा नापास झाली, पुन्हा केला. येत्या फेब्रुवारीत गणितातून जॅम देणार आहे. मिळेल की नाही, माहीत नाही. नाही मिळालं, तर त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा देईल, आणि तेव्हाही विषय निघेल, नक्की निघेल. वन्संना मी स्पष्ट सांगितलंय, स्थळं सध्या डोक्यात ठेवू नका, कपाटात ठेवा.

परीक्षेच्या रविवारी हे दुकान बंद ठेवून तिला केंद्राच्या गावाला घेऊन जातात. थोरल्यासाठी त्यांनी कधी दुकान बंद ठेवलं नव्हतं, हेही त्या ताळेबंदात यायला हवं. मी डबा देते. पेपर संपायला संध्याकाळ होते, म्हणून ती बाहेर आली की पहिल्यांदा आकाशाकडे बघते आणि मग डबा उघडते. परतीच्या बसस्टँडवर बाप-लेक दिवस मावळायच्या आत दशम्या आणि चटणी खाऊन घेतात. पेपर कसा गेला हे तोवर विचारायचं नाही, असा ह्यांचा नियम आहे.

तर ज्या तिघींनी फोन केला होता त्यांना, आणि ज्या अजून करणार आहेत त्यांना, माझं उत्तर हे. निकाल लागल्यावर पहिला आठवडा काहीही ठरवू नका. अर्ज मात्र सगळे भरून ठेवा, कारण अर्ज भरला म्हणजे जावंच लागतं असं नाही. मुलीला समोर बसवून विचारा आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. बस्तीत कोणी विचारलं तर खरं सांगा, "यंदा नाही मिळालं, दुसरा रस्ता बघतोय." एवढं म्हणायला माझी जीभ तीन महिने वळली नाही. वळल्यावर कळलं, समोरच्या चारजणींतल्या दोघींच्या घरी तेच चाललं होतं.

आणि घरात मुलगा-मुलगी दोन्ही असतील, तर एक पान आखा. एका बाजूला त्याचे दिवस लिहा, दुसऱ्या बाजूला तिचे. बेरीज तुमची तुम्हीच करा. दुसऱ्या कोणाला दाखवायची गरज नाही.

जय जिनेंद्र.